एकाच लहरीचीं दोन कामें

पौष महिन्याच्या पहांटे खोबरेल तेलाची बाटली उपडी धरली तरी तींतून थेंब गळत नाहीं. घरांतील एखादी वडीलधारी बाई ती बाटली कोमट पाण्याच्या तपेल्यांत उभी करते आणि पांच मिनिटांत तेल वाहूं लागतें. तेल कोठें गेलेलें नसतें, तें फक्त हलत नसतें. चोवीस अंश सेंटिग्रेडच्या खालीं खोबरेल गोठतें आणि त्याच्या वर ऊब मिळाली कीं सुटतें, एवढीच ती गोष्ट.

पृथ्वीच्या पोटांतील खनिज तेलाच्या फार मोठ्या साठ्याची अवस्था ह्या बाटलीसारखीच आहे. तें आहे, कोठें आहे हें ठाऊकही आहे. पण तें इतकें दाट आहे कीं विहीर खणली तरी तिच्यांत झिरपत नाहीं. त्यास ऊब दिली पाहिजे. मात्र शेंकडों फूट जमिनीखालीं कोमट पाण्याचें तपेलें न्यावयाचें कसें? ह्या प्रश्नाला गेल्या अर्धशतकांत शास्त्रज्ञांनीं जीं उत्तरें शोधलीं, त्यांपैकीं एक मोठें नवलाचें आहे. तें उत्तर म्हणजे विद्युच्चुंबकीय लहरी. ज्या लहरींवर आपण रेडिओ ऐकतों, त्याच लहरींनीं जमिनींतील तेल तापवावयाचें.

ह्याच लहरींचा पुणें जिल्ह्यांतील जुन्नर व आंबेगांव ह्या तालुक्यांशीं एक अगदीं निराळ्या प्रकारचा संबंध जुळलेला आहे, आणि त्या संबंधांतून तेथील कुटुंबांपुढें एक अवघड प्रश्न उभा राहिला आहे. दोनही गोष्टी एकत्र पाहिल्या तर दोनही अधिक चांगल्या समजतात, असें वाटल्यावरून आम्हीं हा विषय वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

आमच्या डोंगरांत तेल कां नाहीं?

प्रथम एक शंका दूर केलेली बरी. शिवनेरीच्या कड्याखालीं किंवा भीमाशंकरच्या रानांत खोल खणलें तर तेल लागेल काय? तशी आशा धरण्यास आधार नाहीं. हा सारा मुलूख काळ्या पाषाणाचा आहे. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वी भूगर्भांतून लाव्हारस थरावर थर असा वाहिला आणि गोठला. त्याच थरांतून लेण्याद्रीचीं लेणीं कोरलीं गेलीं आणि नाणेघाटाची वाट फोडली गेली. खनिज तेल अग्नीपासून जन्मलेल्या खडकांत तयार होत नाहीं. समुद्राच्या किंवा सरोवराच्या तळाशीं सूक्ष्म जीवांचीं शरीरें गाळांत पुरलीं जावीं, त्यांवर नवा गाळ चढत जावा आणि लक्षावधि वर्षें दाब व उष्णता ह्यांचा पुटपाक व्हावा, तेव्हां तेल होतें. म्हणून महाराष्ट्राचें तेल सह्याद्रींत न सांपडतां समुद्रांत सांपडलें. १९७४ सालीं 'सागर सम्राट' ह्या जहाजानें मुंबईच्या पश्चिमेस समुद्रतळ खणला, तेव्हां तेथें तेल लागलें आणि १९७६ सालीं तें बाहेर निघूं लागलें.

तेल येथें नसलें तरी तेलावांचून येथील संसार चालत नाहीं. ह्या दोन तालुक्यांत आगगाडी नाहीं. नारायणगांवचा टोमॅटो, मंचरचा कांदा-बटाटा, उसाच्या मोळ्या, शाळेस जाणारीं मुलें व पुण्यास दवाखान्यांत न्यावयाचा आजारी मनुष्य, हे सर्व रस्त्यानेंच जातात, म्हणजे डिझेल-पेट्रोलवर जातात. तेव्हां जगांत तेल कोठें व कोणत्या खर्चानें निघतें, ही गोष्ट जुन्नरच्या बाजारपेठेस परकी नाहीं.

वाफेचा मार्ग

दाट तेलाचा सर्वांत प्रसिद्ध साठा कॅनडा देशाच्या आल्बर्टा प्रांतांत, आथाबास्का नदीच्या खोऱ्यांत आहे. तेथें वाळूच्या कणाकणांस डांबरासारखें तेल चिकटलेलें आहे. थंड जमिनींत त्याचा दाटपणा पाण्याच्या दहा लक्षपटींहूनही अधिक असतो; पण तेंच दोनशें अंशांपर्यंत तापविलें तर तें स्वयंपाकांतील तेलाहूनही पातळ होऊन वाहतें. उष्णतेनें एवढा फरक पडणारी वस्तु आपल्या नित्याच्या व्यवहारांत क्वचितच आढळेल.

जो साठा जमिनीच्या फार जवळ आहे, तेथें वाळूच खणून काढतात. खोल साठ्यासाठीं रॉजर बटलर नांवाच्या अभियंत्यानें वाफेची युक्ति बसविली. साठ्याच्या तळाशीं दोन आडव्या विहिरी, एकीच्या खालीं दुसरी, अशा सुमारें पांच मीटर अंतरानें नेतात. वरच्या विहिरींतून वाफ सोडतात; तिच्या उष्णतेनें तेल सुटतें, आपल्या वजनानें खालीं उतरतें आणि खालच्या विहिरींतून उपसलें जातें. १९८७ सालीं आल्बर्टांत ह्या पद्धतीची भूमिगत प्रयोगशाळेंत परीक्षा झाली आणि आज तेथील पुष्कळसें तेल ह्याच रीतीनें निघतें.

परंतु वाफेचे दोष उघड आहेत. एक पिंप तेल काढण्यास साधारणपणें तीन पिंपें पाण्याची वाफ करावी लागते. पाणी पाहिजे, तें शुद्ध पाहिजे, तें उकळण्यास इंधन पाहिजे, आणि त्या इंधनाचा धूर आकाशांत जातो. शिवाय जेथें तेलाचा थर पातळ आहे, किंवा जेथें मध्यें चिकणमातीचा पडदा आहे, तेथें वाफ पोंचत नाहीं किंवा वाटेंतच थंड होते.

लहर कशी तापविते?

येथें रेडिओच्या लहरींची गोष्ट सुरू होते. आतां पुष्कळ घरांतून मायक्रोवेव्हची पेटी आली आहे. तिच्यांत विस्तव नसतो, तरी वाटींतील वरण तापतें आणि वाटी मात्र त्या मानानें थंड राहते. ह्याचें कारण असें कीं, पाण्याच्या प्रत्येक कणाचें एक टोंक किंचित् धन व दुसरें किंचित् ऋण विद्युतेचें असतें. लहरीचें विद्युत्क्षेत्र क्षणोक्षणीं दिशा पालटतें आणि त्याबरोबर हे कण वळूं पाहतात; शेजाऱ्यांस घांसतात, अडखळतात आणि त्या धडपडीची उष्णता होते. चूल भांड्यास तापविते आणि भांडें वरणास. लहर मात्र वरणाच्या आंत शिरून तेथेंच उष्णता उत्पन्न करते.

तेलाच्या वाळूंतही थोडें पाणी असतेंच, बहुधा खारट. विहिरींतून एक लांब धातूचा दांडा खालीं सोडावयाचा, तो म्हणजे भूमिगत आकाशदीपच. वरून त्याला विद्युत्शक्ति पुरवावयाची आणि त्यानें सभोंवतालच्या वाळूंत लहरी सोडावयाच्या. वाळूंतील पाणी तापतें, पाण्याबरोबर तेल तापतें, आणि बाहेरून एक घागरही पाणी घालावें लागत नाहीं.

मात्र लहर कोणती निवडावी ह्यांत सारें कौशल्य आहे. घरच्या पेटींतील लहर सेकंदाला सुमारें २४५ कोटि वेळां कंप पावते. अशी जलद लहर ओल्या पदार्थांत दोन-चार सेंटिमीटरच शिरते आणि तेथेंच संपते. जमिनींत तिचा कांहीं उपयोग नाहीं. कंपनसंख्या जसजशी कमी करावी तसतशी लहर खोल जाते, पण तापविण्याचा तिचा जोर त्या मानानें उतरतो. म्हणून तेलासाठीं कांहीं लक्षांपासून कांहीं कोटि कंपनांपर्यंतच्या लहरी योजतात. ह्यांत आणखी एक सोय निसर्गानेंच केली आहे. दांड्याजवळचें पाणी तापून त्याची वाफ झाली कीं ती वाफ लहरीला अडवीत नाहीं. लहर तो कोरडा भाग ओलांडून पुढच्या ओल्या वाळूपर्यंत जाते. उष्णतेची हद्द अशी आपोआप पुढें सरकत राहते.

ही कल्पना केवळ कागदावर राहिलेली नाहीं. अमेरिकेंत शिकागो येथील एका संशोधनसंस्थेनें १९७० नंतरच्या दशकापासून तिचा पाठपुरावा केला आणि युटा प्रांतांतील तेलाच्या खडकांवर व डांबरी वाळूवर प्रत्यक्ष प्रयोग केले. २०१२ सालीं आल्बर्टांत सनकोर कंपनीच्या खाणींत एक प्रयोग झाला. त्यांत लहरींच्या उष्णतेबरोबर तेल विरघळविणारा द्रव वापरण्याची योजना होती, म्हणजे तेल फार न तापवितांही तें पातळ व्हावें. २०२२ सालीं त्याच प्रांतांत मारवेन गांवाजवळ ॲक्सेलवेअर कंपनीनें अशाच प्रकारें एक विहीर तापविण्यास आरंभ केला. तरीही वाफेची जागा लहरींनीं घेतली असें म्हणतां येत नाहीं.

ह्याचें कारण जमाखर्चांत आहे. एक घनमीटर तेलाची वाळू सत्तर अंशांनीं तापविण्यास, वाया कांहीं जात नाहीं असें धरलें तरी, सुमारें ५० युनिट वीज लागते. एखाद्या लहान कुटुंबाची ही पंधरवड्याची वीज झाली. एवढ्या वाळूंतून चांगल्या ठिकाणीं एक-दीड पिंप तेल मिळण्याची आशा. त्या तेलांतील उष्णता ह्या विजेच्या कितीतरी पट असते, म्हणून व्यवहार फायद्याचा दिसतो. परंतु वीज कोळशापासून केलेली असेल तर कोळशाच्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा विजेंत उतरलेला असतो. शिवाय लहरी निर्माण करतांना कांहीं भाग जातो आणि तापलेल्या वाळूंतून वरच्या खडकांत उष्णता झिरपते ती वेगळीच. वीज वाऱ्याची, उन्हाची किंवा धबधब्याची असेल तरच धुराच्या दृष्टीनें ह्या पद्धतीचें पारडें जड होतें. आणि काढलेलें तेल पुढें जाळावयाचेंच असतें, हें तर कोणत्याही पद्धतीनें टळत नाहीं.

हिंदुस्थानांतील दोन उदाहरणें

आपल्या देशांतही दाट तेल आहे. गुजराथेंत मेहसाणा भागांतील बालोल व संथाल ह्या क्षेत्रांत तें इतकें जड आहे कीं, तेथें निराळाच उपाय योजण्यांत आला. जमिनींत हवा सोडून तेलाचा थोडा भाग तेथल्या तेथें पेटवावयाचा आणि त्याच्या उष्णतेनें उरलेलें तेल सोडवावयाचें. बालोल येथें १९९० सालीं ह्याची चांचणी सुरू झाली आणि १९९७ पासून मोठ्या प्रमाणावर ती पद्धति अंमलांत आली. घरांत ऊब यावी म्हणून सरपणाच्या ढिगालाच थोडी आंच लावण्यासारखें हें धाडस, पण तें साधलें.

दुसरें उदाहरण राजस्थानांतील बाडमेरचें. तेथें मंगला क्षेत्रांतील तेलांत मेणाचा अंश एवढा आहे कीं, चाळीस अंशांच्या आसपासच तें थिजूं लागतें. २००९ सालीं तें निघूं लागलें, तेव्हां गुजराथच्या किनाऱ्यापर्यंत सहाशें किलोमीटरांच्या आसपास नळांतून तें न्यावयाचें कसें, हा प्रश्न आला. त्यावर नळाला जोडून एक लहान पोलादी नळी बसविली आणि तिच्यांतून एक वेष्टित तार ओढली. उलटसुलट वाहणारा विद्युत्प्रवाह त्या तारेंतून जाऊन नळीच्या आंतल्या कातडीवरून परत येतो. चुंबकीय परिणामामुळें तो बाहेरच्या पृष्ठावर येऊं शकत नाहीं. म्हणून नळी तापते, पण बाहेरून हात लावणारास विजेचा झटका बसत नाहीं. विद्युच्चुंबकीय शक्तीनें तेल तापविण्याचें हें आपल्याच देशांतील मोठें काम होय.

खोडदचे तीस कान

आतां जुन्नर तालुक्यांत येऊं. नारायणगांवाहून खोडदकडे गेलें कीं शेतांमागें मोठमोठ्या जाळीदार परातींसारख्या आकृति दिसूं लागतात. ही जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे मीटरभर लांबीच्या रेडिओ-लहरी टिपणारी प्रचंड दुर्बीण. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ-खगोलभौतिकी केंद्रानें ती उभारली आणि तिची मूळ कल्पना प्राध्यापक गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांची. ह्याच स्वरूप यांनीं १९६५ सालीं कल्याण येथें ३२ लहान तबकड्या मांडून ह्या देशांतील रेडिओ-खगोलशास्त्राचा पाया घातला होता. खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांपैकीं १४ मध्यभागीं सुमारें एक किलोमीटरच्या चौकांत, आणि १६ तीन फांट्यांवर, सुमारें २५ किलोमीटरांच्या विस्तारांत पसरलेल्या. लहर लांब असल्यामुळें तबकडी अखंड पत्र्याची करावी लागत नाहीं. बारीक पोलादी तारेची जाळी पुरते. वारा तींतून निघून जातो आणि खर्चही वांचतो. २००२ सालापासून ही दुर्बीण जगांतील शास्त्रज्ञांस खुली आहे.

ज्या जातीच्या लहरींनीं आल्बर्टांत जमीन तापते, त्याच जातीच्या लहरी येथें आकाशांतून येतात. पण त्यांच्या क्षीणतेची कल्पना करणें कठीण. आम्हीं एक हिशेब करून पाहिला. आकाशांतील एक जान्स्की तेजाचा रेडिओ-तारा घ्या. रेडिओ-खगोलशास्त्राच्या मापानें तो अंधुक मुळींच नव्हे. तीसही तबकड्यांवर पडणारी त्याची सर्व शक्ति, ४० कोटि हर्ट्झच्या पट्ट्यांत, एक कणही वाया न दवडतां गोळा केली आणि तिनें एक कप चहा पंचवीस अंशांपासून पंच्याऐंशी अंशांपर्यंत तापवावयाचा ठरविला, तर सुमारें सव्वासहा अब्ज वर्षें लागतील. पृथ्वीचें आजवरचें वय साडेचार अब्ज वर्षें आहे!

एवढ्या क्षीण लहरींतून ही दुर्बीण काय काय ऐकते! २०१६ च्या ऑक्टोबरांत युरोपचें 'शियापारेली' यान मंगळावर उतरत असतां त्याची हांक खोडदला ऐकूं आली. यान आपटून नष्ट झालें, पण त्याच्या अखेरच्या मिनिटांची नोंद येथें झाली. २०२३ सालीं जाहीर झालेल्या एका संशोधनांत जवळजवळ नऊ अब्ज वर्षांपूर्वी निघालेली हायड्रोजनची लहर ह्याच दुर्बिणीनें टिपल्याचें सिद्ध झालें. वाटेंतील एका आकाशगंगेनें भिंगासारखें काम करून ती मोठी केली होती.

पेंच कोठें आहे?

जो कान एवढी हळू कुजबूज ऐकतो, त्याला शेजारचा गोंगाट सोसत नाहीं. लहरींनीं तापविणारीं यंत्रें केवळ तेलाच्या विहिरींवर असतात असें नव्हे. प्लॅस्टिकच्या पिशव्या सांधणें, लांकूड चिकटविणें अशा कामांसाठीं कारखान्यांतून तीं सर्वत्र असतात. त्यांच्यासाठीं आंतरराष्ट्रीय करारानें कांहीं कंपनसंख्या राखून ठेवल्या आहेत. त्यांत २७·१२ आणि ४०·६८ मेगाहर्ट्झ ह्या आहेत. परंतु तंबोऱ्याच्या तारेंतून षड्जाबरोबर वरचे स्वर जसे उमटतात, तसे ह्या यंत्रांतूनही मूळ लहरीच्या दुप्पट, तिप्पट, दहापट कंपनांचे स्वर निसटतात. ४०·६८ ची आठपट किंवा २७·१२ ची बारापट केली तर ३२५·४४ येते. ४०·६८ ची पंधरापट ६१०·२. खोडदची दुर्बीण आरंभापासून ज्या पट्ट्यांत ऐकत आली आहे, त्यांपैकीं दोन ३२७ व ६१० मेगाहर्ट्झच्या आसपासचे आहेत! म्हणूनच ह्या टापूंत नवा कारखाना काढतांना दुर्बिणीच्या चालकांची संमति लागते. विजेच्या खांबावरील सैल जोडांतून उडणाऱ्या ठिणग्याही तिला उपद्रव देतात.

येथें शास्त्राचा प्रश्न संपतो आणि संसाराचा सुरू होतो. पुणें-नाशिक जलद लोहमार्ग चाकण, मंचर, नारायणगांव ह्या बाजूनें न्यावयाची योजना होती. विजेवर धांवणारी गाडी आली असती तर मालाला व माणसांना डिझेलचा खर्च वांचला असता. परंतु विजेची गाडी म्हणजे तारेशीं घर्षण, ठिणग्या आणि लहरींचा कल्लोळ. दुर्बिणीस बाधा येईल ह्या कारणावरून तो मार्ग सोडून शिर्डी व अहिल्यानगरकडून वळसा घेण्याची गोष्ट २०२५ सालीं पुढें आली आणि जुन्नर-आंबेगांवच्या लोकांनीं तीस हरकत घेतली. त्यांचें म्हणणें हट्टाचें आहे असें आम्हांस वाटत नाहीं. ज्या घरांतील मुलगा रोज चार तास रस्त्यावर घालवून पुण्यास नोकरीला जातो, त्या घराला विश्वाच्या आरंभाची हांक ऐकूं येत नाहीं, ह्याचा दोष त्या घराला देतां येणार नाहीं.

उलट बाजूही तितकीच खरी. कारखाना दुसरीकडे काढतां येतो, लोहमार्गास पर्याय शोधतां येतो. परंतु पंचवीस किलोमीटरांत पसरलेली दुर्बीण उचलून नेतां येत नाहीं, आणि एकदां गोंगाट स्थिरावला कीं शांतता परत विकत मिळत नाहीं. ह्या जातीची एवढी समर्थ दुर्बीण जगांत विरळा. तिच्यावर आपल्याच देशांतील तरुण शिकून तयार होतात.

आमच्या मतें ह्या दोन गोष्टींचा झगडा अटळ नाहीं. पण ज्यांनीं त्याग करावयाचा त्यांस त्याचा मोबदला मिळालाच पाहिजे. दुर्बिणीसाठीं एखाद्या टापूनें कारखाने व आगगाडी सोडावी असें राष्ट्रास वाटत असेल, तर त्या टापूस उत्तम रस्ते, विजेवर चालणाऱ्या बसगाड्या व त्यांचीं दक्षतेनें झांकलेलीं यंत्रें, लहरींचा उपद्रव न करणारे फळप्रक्रियेसारखे उद्योग आणि चांगल्या शाळा-महाविद्यालयें देण्याचें ओझें राष्ट्रानें उचललें पाहिजे. मार्गाविषयीं तज्ज्ञांनीं काढलेले आंकडे, किती अंतरावर किती बाधा, कोणत्या आडोशानें ती किती घटते, हे मराठींत ग्रामसभांपुढें मांडले गेले पाहिजेत. 'शास्त्रज्ञ नको म्हणतात' एवढ्या वाक्यावर कोणतेंही गांव समाधान पावणार नाहीं, आणि पावूंही नये.

कुटुंबांनींही आपल्या परीनें थोडें करावयाचें आहे. खोडदला दरवर्षी २८ फेब्रुवारीस, विज्ञानदिनीं, दुर्बीण लोकांस पाहण्यास खुली असते आणि मुलांचें प्रदर्शन भरतें. घरांतील मुलांनाच नव्हे, आजोबा-आजींनाही तेथें न्यावें. जिच्यासाठीं आपल्या तालुक्यास अडवलें जातें, ती वस्तु आंतून काय आहे हें डोळ्यांनीं पाहिल्यावर तिच्या बाजूनें बोलावयाचें असो किंवा विरुद्ध, बोलणें जाणतेपणाचें होईल. तेलाविषयींही तेंच. पंपावर पैसे मोजतांना त्या पेल्याभर द्रवामागें कोठें वाफ, कोठें भूमिगत अग्नि आणि कोठें रेडिओची लहर राबते आहे, हें मुलांस ठाऊक असलें तर तें जपून वापरण्याचा उपदेश निराळा करावा लागणार नाहीं.